नऊ राजांची पेटी

बाबा कंपनीतून आले की आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि तरी त्यांचे हात स्वच्छ व्हायचे नाहीत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत ते ऑपरेटर होते. ज्या आठवड्यात जो रंग चालू असेल तो त्यांच्या नखांत उतरायचा. कधी गुलाबी, कधी निळा, आणि एकदा पंधरा दिवस असा पिवळा, की शेजारच्या बायका आईला विचारायच्या, "पोरीची हलद लागली काय गो?" साबण, मग चुलीतली राख, मग लिंबाची फोड, मग परत साबण. एवढं सगळं करून, जुन्या धोतराच्या फडक्याला हात पुसून ते खाटेवर बसायचे आणि म्हणायचे, "मंजू, पेटी आण." पेटीची किल्ली माझ्याकडे असायची, काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात. घरात मी सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात शहाणी, असं बाबांचं मत होतं. त्यातलं पहिलं खरं होतं.

पेटी त्यांनी स्वतः केलेली, आमच्या जुन्या घराच्या दाराच्या लाकडाची. आत एक फळी, फळीत नऊ गोल खळगे, खळग्यांत आईच्या फाटक्या मखमली चोळीचे तुकडे चिकटवलेले. प्रत्येक खळग्यात चांदीचं एक नाणं, चार आण्याएवढं पण जाडसर, कडा वेड्यावाकड्या, रंग काळपट. प्रत्येकावर एका बाजूने दिसणारं पुरुषाचं तोंड. खाली माझ्या अक्षरात चिठ्ठी: ऑगस्टस, टायबेरियस, नीरो, गाल्बा, व्हेस्पासियन, टायटस, डोमिशियन, ट्रेजन, हेड्रियन. रोमचे राजे. रोम कुठे आहे हे आमच्या घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. "समुद्राच्या पलीकडे," बाबा म्हणायचे, आणि खाडीच्या बाजूला हात करायचे. आमच्याकडे समुद्राच्या पलीकडचं सगळं खाडीच्याच बाजूला असायचं. नाण्याच्या काठाने इंग्रजी अक्षरं फिरलेली असायची. बाबांना ती लागत नसत, म्हणून मी एकेक मोठ्याने वाचायची. अर्थ दोघांनाही कळत नसे, पण वाचून झालं की ते मान हलवायचे, कोणीतरी ओळख करून दिल्यासारखे. नीरोची मान जाडजूड होती, म्हणून तो आमचा थोरला काका. व्हेस्पासियन टकला, हसरा, तो रेशनवाला. असं आमचं चालायचं. आतून सुक्या जवळ्याचा वास यायचा, तव्यावर तांदळाच्या भाकरीवर आईचा ओला हात चापचाप वाजायचा, आणि मागच्या मोकळ्या जागेत बिल्डरचं खांब ठोकायचं यंत्र दिवसभर धाडधाड करून संध्याकाळी गप्प व्हायचं. ते गप्प झालं की घरात कोणीतरी गेल्यासारखं वाटायचं.

पहिलं नाणं, म्हणजे टायबेरियस, विकत घेतलेलं नव्हतं. माझे आजोबा मिठागरात कामाला होते. खाडीचा बांध फुटला म्हणून चिखल उपसताना ते त्यांच्या फावड्याला लागलं. आजोबांनी ते कनवटीला लावलं आणि मरेपर्यंत कोणाला दाखवलं नाही. बाबांनी ते कल्याणच्या एका रिटायर झालेल्या मास्तरांकडे नेलं. मास्तरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, की हे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे, त्या काळी आपल्या कल्याणच्या बंदरात तिकडची गलबतं यायची, आणि हे नाणं कोणाच्या तरी हातून पाण्यात पडलेलं असणार. "याला घासू नका हं," मास्तर म्हणाले, "हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे. दोन हजार वर्षांत चढलेला आहे तो. एकदा गेला की गेला." ते बाबांच्या मनावर कोरलं गेलं. ज्या माणसाला स्वतःच्या नखांतला रंग निघत नाही म्हणून रोज लाज वाटायची, त्याला काळं झालेलं आणि म्हणूनच मोलाचं असं काहीतरी पहिल्यांदा सापडलं होतं. हे मला आत्ता, साठी उलटल्यावर समजतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळायचं, की नाणं हातात घेताना बाबा ते कडेने धरतात, आणि त्या वेळी त्यांचा आवाज हळू होतो.

मग आमची शेतं गेली. गेली म्हणजे विकली. मी आज ज्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर बसून हे लिहिते आहे ती आमच्याच खाचरावर उभी आहे. खाली पार्किंगमध्ये पावसाळ्यात अजून पाणी साचतं, सोसायटीवाले पंप लावून थकतात, आणि मी कोणाला सांगत नाही की पाणी आपल्या जागी येतंय. काकांनी आपल्या वाट्यातून जीप घेतली आणि काकूंच्या अंगावर इतकं सोनं घातलं, की लग्नाला निघाल्या की त्यांना मान वळवायला त्रास व्हायचा. बाबांनी पक्कं घर बांधलं, आणि उरलेल्यातून मुंबईला जाऊन एकेक राजा आणला. आईला एकही दागिना आला नाही.

इथे आईच्या माळेचं सांगायला हवं. आम्हा आगऱ्यांत पुतळ्यांची माळ ही नुसती माळ नसते. सोन्याच्या चपट्या गोल पुतळ्या, त्यावर उठवलेली मूर्ती. लेक सासरी निघाली की तिच्या गळ्यात माहेरची पुतळ्यांची माळ दिसली पाहिजे. नाही दिसली तर मांडवातल्या बायका काही बोलत नाहीत, फक्त एकमेकींकडे बघतात, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असतं. आईला तिच्या आईने दिलेली माळ होती. एका पावसाळ्यात जुन्या घराची मागची भिंत बसली तेव्हा ती माळ विकली. "शेत गेल्यावर पयली तुजी माल," असं बाबांनी तिला सांगितलं होतं. शेत गेलं, आणि ट्रेजन आला. त्याच्यानंतर हेड्रियन आला. आई भांडली नाही. ती फक्त बाबांशी बोलताना त्यांच्याकडे बघेनाशी झाली. वाल सोलताना, खाडीतल्या निवट्या साफ करताना, ती स्वतःशीच पुटपुटायची, "माजा नाव नाय येत तोंडात. मेल्या राजांची नावा येतात." बाबा ऐकायचे आणि पेटी बंद करायचे. त्यांनाही ते लागत असणार. पण दुसऱ्या दिवशी परत, "मंजू, पेटी आण."

माझ्या मोठ्या बहिणीचं, कुंदाताईचं लग्न आंबिवलीच्या बाजूला ठरलं. माणसं तालेवार, वीटभट्टी आणि दोन ट्रक. साखरपुड्याला ताईची होणारी सासू आईच्या मोकळ्या गळ्याकडे पाहून इतकंच म्हणाली, "माल लग्नालाच काडाल ना?" आई म्हणाली, "हो तर." त्यानंतर चार दिवस तिने धड जेवण केलं नाही.

पाचव्या दिवशी, बाबा पहिल्या पाळीला गेलेले असताना, तिने मला चुलीपाशी बोलावलं. "मंजे, इकरं ये. पेटी उघर."

"कशाला?"

"त्या काय हाय? चांदीची गोल नानी, वर मानसाचा तोंड. पुतली तरी दुसरी काय असते? सोनार वर सोन्याचा पानी चरवून देतो. कोनाला कलनार नाय."

"बाबांना कळेल."

"कलू दे," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज फुटला. "मना नको गो काय. माज्या पोरीचा गला मोकला नको."

मी पंधरा वर्षांची होते. मला कळत नव्हतं असं मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ते खोटं आहे. त्या घरात ती नाणी काय आहेत हे बाबांच्या खालोखाल मलाच ठाऊक होतं. तरी मी गळ्यातला दोरा काढला. आईला रडताना पाहवलं नाही, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला लाज वाटते: मलाही बाबांचा राग होता. आईच्या गळ्याकडे माझंही लक्ष जायचं. मी आठ नाणी काढली आणि टायबेरियस ठेवला. तो आजोबांचा. एक ठेवला म्हणजे सगळं नेलं असं होत नाही, असा काहीतरी हिशेब मी मनात केला असावा. चोरही असाच हिशेब करत असावेत.

सोनार कल्याणच्या बाजारात, अरुंद पायऱ्या चढून वर. आई बाहेर चपला सांभाळत बसल्यासारखी दारातच बसली, आणि बोलायला मला पुढे केलं, कारण मी शिकलेली. सोनाराने नीरोला चिमट्यात धरून दिव्याखाली नेलं. "पोरी, ही चांदी आपल्यासारखी नाय. लय जुनी हाय. भोक पाडायला गेलो तर कट्कन मोडंल. आणि मुलामा द्यायचा तर आधी घासून पांढरी करावी लागंल. घरात मोठ्या माणसांना विचारलंस?"

मी दाराकडे पाहिलं. आई पदराने मान पुसत होती. "हो," मी म्हणाले.

"मग भोक कुठं पाडू?"

हा प्रश्न मला अजून ऐकू येतो. कारण मी त्याचं उत्तर विचार करून दिलं. नाणं उलटंसुलटं केलं, नीरोच्या टाळूच्या वर, काठाला लागून, बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे. म्हणजे तोंड सरळ लटकेल." आठही नाण्यांवर मी एकेक करून जागा दाखवली. कोणाचं तोंड तिरकं होऊ नये, याची मी इतकी काळजी घेतली. सोनाराने आधी नाणी चिंचेच्या पाण्यात टाकली आणि ब्रशने घासली. पाणी काळं झालं. ते त्याने खिडकीतून खाली गटारात ओतलं. मास्तरांचं वाक्य मला आठवलं, आणि मी गप्प बसले.

लग्नाच्या धावपळीत तेवढे दिवस बाबांनी पेटी मागितलीच नाही. लग्नात माळ झळकली. सोन्याचा मुलामा ताजा, मध्ये लाल मणी. काकूंनी ती हातात घेऊन वजन पाहिलं आणि मान्य केल्यासारखी मान हलवली. धवलारीण मांडवाच्या खांबाला टेकून लग्नाचे धवळे गात होती, तिचा आवाज बसलेला होता, तरी ती सोडत नव्हती. मी करवली, हातात कऱ्हा घेऊन ताईच्या मागे उभी. आईच्या चेहऱ्यावर मी कितीतरी वर्षांनी जीव आलेला पाहिला, आणि ते पाहून क्षणभर मला वाटलं, झालं ते बरंच झालं. मग बाबा कन्यादानाला बसले. आदल्या दिवशी त्यांनी हात दोनदा राखेने घासले होते, तरी नखांत निळा रंग होताच. ताईचा हात हातात घेताना ते पुढे वाकले आणि त्यांची नजर माळेवर गेली. त्यांना वेळ लागला नाही. सोन्याखालीही तोंडं तीच होती. ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघत गेले आणि त्यांचे ओठ किंचित हलले. भटजींना वाटलं मंत्र म्हणतायत. ते नावं घेत होते. सोनाराने ओवताना क्रम चुकवला होता, ट्रेजनच्या शेजारी नीरो आला होता, तिथे ते अडखळले, आणि मग पुढे गेले. आठ झाली. मग त्यांनी मान वर करून माझ्या गळ्याकडे पाहिलं. काळा दोरा आणि किल्ली. तोंडाकडे पाहिलं नाही. पुन्हा ताईच्या हातावर पाणी सोडू लागले.

ते ओरडतील याची मी वाट पाहिली. महिनाभर पाहिली. ते ओरडले असते तर मी रडले असते, पाया पडले असते, आणि सगळं बोलून टाकलं असतं. लग्नानंतरच्या संध्याकाळी ते कंपनीतून आले, मोरीत गेले, एकदाच साबण लावला, बाहेर येऊन खाटेवर बसले. मी उंबऱ्यात उभी होते. ते खिडकीबाहेर मागच्या अर्धवट उभ्या इमारतीकडे बघत बसले आणि म्हणाले, "जेवायला घ्या." पेटी आण म्हणाले नाहीत. त्या दिवशी नाही, आणि नंतर कधीही नाही. मी किल्ली खिळ्याला अडकवून ठेवली. राख आणि लिंबू बंद झालं. त्यांची नखं रंगीत राहू लागली आणि त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं. घरात भांडण नव्हतं, दारू नव्हती, काही नव्हतं. फक्त चार माणसांच्या घरात एक जण बोलायचा थांबला, आणि एक सासरी गेली.

मुलामा वर्षभरही टिकला नाही. पहिल्या दिवाळीला ताई आली तेव्हा नीरोचं नाक आणि गाल पांढरे पडले होते. सासूने शेजारणींसमोर माळ उचलून "आमच्या सुनेच्या खोट्या पुतल्या" म्हणून दाखवली होती. ज्या लाजेतून ताईला वाचवायला आईने हे केलं, ती लाज वर्ष व्हायच्या आत आली, आणि व्याजासकट आली. ताईने ते आईला सांगितलं तेव्हा आई चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. ती जाळ विझेपर्यंत लाकडं एकेक करून मागे ओढत राहिली. पुढे ताईला मुलगा झाला तेव्हा सासरच्यांनी ती माळ वितळवून बाळाचे वाळे केले. बारशाला बाबांनी नातवाला मांडीवर घेतलं. बाळाने पाय झाडला, वाळ्यांतल्या घुंगरांचा बारीक आवाज झाला. बाबांनी तो पाय धरला, वाळा कडेने दोन बोटांत धरला, आणि परत एकदा हलवून कानाशी नेला. सगळे हसले. आजोबाला किती कौतुक, म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले.

पुष्कळ वर्षांनी एका म्युझियममध्ये काचेखाली अशीच नाणी पाहिली, आपल्याच देशात जमिनीतून निघालेली. त्यांतल्या कितीतरींना डोक्याच्या वर भोक होतं. त्या काळच्या बायकांनी ती गळ्यात घातली होती. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही कोणीतरी आई पोरीच्या गळ्यासाठी सोनाराकडे गेली असेल, आणि कोणीतरी बोट ठेवून जागा दाखवली असेल. मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. घरी येऊन हे बाबांना सांगावं, याच निमित्ताने बोलावं, असं ठरवलं होतं. आज-उद्या करत ते राहून गेलं, आणि सहा महिन्यांत बाबा गेले.

ते गेल्यावर तेराव्यानंतर मी पेटी उघडली. किल्ली खिळ्यावर तशीच होती, पण दोरा नवा होता. नऊ चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या, पिवळ्या पडलेल्या. आठ खळगे रिकामे. टायबेरियस आपल्या जागी होता, काळाच्या काळा, कोणी न घासलेला. आणि त्याच्या डोक्याच्या वर, काठाला लागून, एक बारीक भोक होतं, भोकात सोन्याची इवलीशी कडी. खाली सोनाराच्या दुकानाचा गुलाबी कागद.

मी कल्याणला गेले. सोनार म्हातारा झाला होता, दुकान मुलगा बघायचा, पण त्याला सगळं आठवत होतं. "तुझे वडील आलेले ना," तो म्हणाला. "तुझ्या लग्नाच्या आठवडाभर आधी. मी बोललो, मी नाय पाडणार, मागच्या टायमाला माझ्याकडनं पाप झालं. तर बोलले, पाड. घासू नको, मुलामा नको, फक्त भोक. मी विचारलं, कुठं? तर बोलले, पोरीनं त्या वेळी दाखवलेली तिथंच."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. बोट कोणाचं होतं तेसुद्धा. ताईच्या लग्नानंतर कधीतरी ते या पायऱ्या चढून आले असणार आणि विचारून गेले असणार.

माझं लग्न ठाण्याला रजिस्टर ऑफिसात झालं. मी मुद्दाम साधी साडी नेसले होते, अंगावर एकही दागिना ठेवला नव्हता. मला वाटलं होतं, निदान यामुळे तरी बाबांना बरं वाटेल. बाकड्यावर नंबर यायची वाट बघत आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. बाबांनी विचारलं, "गळ्यात काही घालणार नाहीस?" मी म्हणाले, "नको बाबा. मला कसलाच दागिना नको." ते बरं म्हणाले. त्या दिवसाचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि बाबांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात आहे. सही करायलासुद्धा त्यांनी तो लवकर बाहेर काढला नव्हता. तेव्हा मला वाटलं होतं, लोकांसमोर नखं लपवतायत.